मानसोपचारकाची निवड आणि रुग्णाची संस्कृती

शरीराचा ताप पाऱ्याने मोजता येतो. रुग्ण कोणत्या प्रांतातला, कोणत्या भाषेचा आणि कोणत्या घरातला आहे ह्यावर पाऱ्याची उंची अवलंबून राहत नाही. मनाच्या दुखण्याला असे मोजमाप नाही. उपचारकाला ते बहुतांशी रुग्णाच्या बोलण्यातूनच कळते. आणि बोलणे आले की त्याबरोबर भाषा आली, नातीगोती आली, मानपानाच्या कल्पना आल्या, चारचौघांत काय बोलावे आणि काय बोलू नये ह्याविषयीचे लहानपणापासून अंगवळणी पडलेले संकेत आले. ह्या सर्वांना मिळून आपण संस्कृती म्हणतो. म्हणूनच मानसोपचारक निवडताना त्याची पदवी पाहावी लागते, त्याचप्रमाणे रुग्णाची संस्कृती समजून घेण्याची त्याची तयारी आहे की नाही हेही पाहावे लागते.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. नैराश्य, चिंताविकार ह्यांसारखे नेहमी आढळणारे विकार ज्यांना होते, त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कोणताही उपचार मिळत नव्हता, असे तीत दिसून आले. ह्याची कारणे अनेक आहेत. तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे, रुग्णालये दूर आहेत, लोकनिंदेची भीती आहे. परंतु आणखी एक कारण असे की, जो मोठ्या धीराने एकदा उपचारकाची पायरी चढतो, तो ‘आपले म्हणणे ह्यांना समजले नाही’ असे मनाशी ठरवून पुष्कळदा पुन्हा तिकडे फिरकत नाही. पहिल्या भेटीत तुटलेला धागा पुढे वर्षानुवर्षे जुळत नाही.

दुखणे एक, बोलणे अनेक

मनाला ग्लानी आलेला मनुष्य ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत डॉक्टरकडे जात नाही. छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, डोके जड झाले आहे, अंगाची आग होते, अन्न गोड लागत नाही, अशा त्याच्या तक्रारी असतात. पूर्वी काही विद्वानांचा असा समज होता की, पाश्चात्त्य लोक मनाची व्यथा मनाच्या भाषेत सांगतात आणि पौर्वात्य लोक शरीराच्या भाषेत सांगतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा समज पुष्कळसा दूर केला. चौदा देशांतील सामान्य दवाखान्यांत आलेले, नैराश्याची लक्षणे असलेले १,१४६ रुग्ण ह्या अभ्यासासाठी पाहण्यात आले. त्यांपैकी ६९ टक्के रुग्णांनी प्रथम केवळ शारीरिक तक्रारीच सांगितल्या. हे प्रमाण निरनिराळ्या ठिकाणी ४५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत होते. मात्र मनाच्या लक्षणांविषयी सरळ विचारल्यावर ‘तसे काहीही नाही’ असे म्हणणारे केवळ ११ टक्के निघाले.

ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शरीराच्या तक्रारीने बोलण्यास आरंभ करणे ही कोणा एका समाजाची खोड नव्हे. आणि विचारणारा कोणी भेटला, तर बहुतेक माणसे मनाचेही सांगतात.

तथापि प्रत्येक भाषेत ह्या व्यथेला स्वतःचे शब्द असतात. इंग्लंडमधील बेडफर्ड ह्या गावी पुष्कळ पंजाबी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. ह्या कुटुंबांत ‘हृदय खाली बसणे’ अशा अर्थाचा एक वाक्प्रचार रूढ असल्याचे एका संशोधिकेने १९८९ साली नोंदविले. त्यात छातीतील दुखणे, दुःख, काळजी, अब्रूची चिंता आणि थकवा हे सारे एकत्र सामावलेले असते. ज्या डॉक्टरला हा वाक्प्रचार ठाऊक नाही, तो हृदयाची तपासणी करील आणि ती निर्दोष निघाली की रुग्णाला घरी पाठवील. झिंबाब्वेमधील शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. ‘अतिशय विचार करीत राहणे’ असा त्याचा अर्थ होतो. त्या देशातील डॉ. डिक्सन चिबांडा ह्यांनी २००६ पासून हरारे शहरातील दवाखान्यांच्या आवारात बाके मांडून तेथे वडीलधाऱ्या स्त्रियांना समुपदेशनासाठी बसविले. ह्या ‘आजीबाई’ प्रशिक्षित असतात. त्या रुग्णाशी परक्या वैद्यकीय परिभाषेत न बोलता ह्याच शब्दाचा आधार घेऊन बोलतात. ५७३ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर ह्या बाकांवर उपचार घेतलेल्यांची लक्षणे इतरांच्या मानाने स्पष्टपणे कमी झालेली होती.

सांस्कृतिक जाण म्हणजे काय?

सांस्कृतिक जाण म्हणजे निरनिराळ्या जातीजमातींच्या चालीरीतींची यादी पाठ असणे, अशी काहींची समजूत असते. ती चुकीची आहे. ‘गुजराती माणसे अशी असतात’, ‘आदिवासी लोक असे मानतात’ अशी ठोकळेवजा माहिती घेऊन बसलेला उपचारक समोरच्या माणसाला पाहतच नाही. तो केवळ आपल्या यादीकडे पाहतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन ह्यांनी १९७८ साली आपल्या दोन सहकाऱ्यांसह एक साधी पद्धत सुचविली. प्रत्येक रुग्ण आपल्या दुखण्याचा मनाशी काही अर्थ लावीत असतो. तो अर्थ उपचारकाने प्रथम विचारून घ्यावा. रुग्ण ह्या दुखण्याला काय म्हणतो? ते कशामुळे व नेमके त्याच वेळी का उद्भवले असे त्याला वाटते? त्याला सर्वांत अधिक भीती कशाची वाटते? कोणत्या उपायाने बरे वाटेल अशी त्याची अपेक्षा आहे? ह्या धर्तीचे प्रश्न त्यांनी सुचविले. मिचेल वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रश्नांची एक पद्धतशीर मालिका तयार केली. तिच्या विकासात मुंबईतील कुष्ठरुग्णांच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता, आणि तिचे वर्णन १९९२ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत रुग्णाच्या संस्कृतीविषयीची १६ प्रश्नांची एक मुलाखत समाविष्ट केली. एके काळी शिष्टाचाराचा भाग समजले जाणारे हे विचारणे अशा रीतीने निदानाच्या कामाचा एक भाग झाले आहे.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्यू ह्यांनी १९९८ साली ह्या जाणिवेचे तीन घटक सांगितले. पहिला घटक शास्त्रीय वृत्तीचा : रुग्णाविषयी घाईने मत न बनविता, बनलेले मत अनुमान समजून ते तपासून पाहावे. दुसरा घटक तारतम्याचा : समाजाविषयीची सर्वसाधारण माहिती ह्या माणसाला कोठे लागू पडते आणि कोठे लागू पडत नाही, हे ओळखावे. तिसरा घटक त्या त्या समाजाच्या विशेष ज्ञानाचा होय. ह्या तिहींपैकी केवळ तिसराच घटक अंगी असला, तर त्याचे पर्यवसान पूर्वग्रहात होण्याचा संभव असतो.

उपचारक आपल्याच समाजातला असावा काय?

पुष्कळ लोक सुरुवातीला ‘आपल्यातलाच’ उपचारक शोधतात. ही इच्छा स्वाभाविक आहे. तिच्याविषयी शास्त्रीय पुरावा काय सांगतो, हे मात्र पाहिले पाहिजे. २०११ साली कॅब्रल आणि स्मिथ ह्या संशोधकांनी वंश व समाज ह्यांच्या साधर्म्याविषयीचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून त्यांचे गणित मांडले. हे अभ्यास मुख्यतः अमेरिकेतील होते. आपल्याच समाजातला उपचारक असावा अशी रुग्णांची इच्छा बरीच तीव्र असते आणि तसा उपचारक मिळाल्यास त्याच्याविषयीचे मतही काहीसे अधिक अनुकूल होते, असे त्यांना आढळले. परंतु रुग्ण बरा होण्याच्या बाबतीत पडणारा फरक जवळजवळ नगण्य होता.

ह्याउलट ग्रिनर आणि स्मिथ ह्यांनी २००६ साली ७६ अभ्यासांचे परीक्षण केले. उपचारपद्धती रुग्णाच्या संस्कृतीला अनुरूप करून घेतल्यास मध्यम प्रमाणात लाभ होतो, असे त्यांत दिसून आले. जे उपचार रुग्णाच्या मातृभाषेत झाले, ते इंग्रजीत झालेल्या उपचारांच्या सुमारे दुप्पट परिणामकारक ठरले. उपचारक कोणत्या कुळात जन्मला ह्यापेक्षा तो कोणत्या भाषेत आणि कोणत्या रीतीने ऐकतो, हे अधिक महत्त्वाचे आहे, असा ह्या दोन्ही परीक्षणांचा एकत्रित मथितार्थ काढता येतो.

भारतात ह्या विचाराला आणखी एक बाजू आहे. आपल्याच गावचा, आपल्याच जातीचा उपचारक घरच्यांच्या ओळखीचा असण्याचा संभव असतो. विवाहबाह्य संबंध, आंतरजातीय प्रेम, घरातील मारहाण ह्यांविषयी अशा माणसाजवळ बोलणे परक्याजवळ बोलण्यापेक्षा कठीण जाते. शिवाय एका जातीचा उपचारक दुसऱ्या जातीच्या रुग्णाने सांगितलेला अपमान ‘तुमच्या मनाचा खेळ’ म्हणून उडवून लावू शकतो. वसतिगृहात किंवा कचेरीत जातीवरून हिणविला गेलेला तरुण जेव्हा झोप येत नाही असे सांगतो, तेव्हा त्याच्या झोपेबरोबर त्या हिणविण्याचीही दखल घेतली गेली पाहिजे. ती न घेणारा उपचारक त्याच जातीचा असला काय किंवा नसला काय, कामाचा नव्हे.

भाषा आणि दुभाषा

एक कल्पित उदाहरण घेऊ. सोलापूरकडील एक प्रौढ स्त्री मुलाच्या नोकरीनिमित्त हैदराबादला राहावयास गेली आहे. तिला तेलुगू येत नाही, हिंदी मोडकीतोडकी येते. काही महिन्यांपासून तिला झोप लागत नाही. मुलगा तिला रुग्णालयात नेतो आणि डॉक्टरांचे प्रश्न व आईची उत्तरे ह्यांचे भाषांतर करतो. डॉक्टर विचारतात, घरी काही त्रास आहे काय? स्त्री क्षणभर मुलाकडे पाहते आणि म्हणते, ‘काही नाही.’ मुलगा त्याचे अचूक भाषांतर करतो. निदान मात्र चुकते. कारण सून आणि सासू ह्यांमधील जो अबोला तिला आतून पोखरीत आहे, तो मुलाच्या तोंडून कधीही बाहेर पडणार नाही.

ह्या उदाहरणात डॉक्टर अडाणी नाही, मुलगा दुष्ट नाही. दोष व्यवस्थेचा आहे. नातेवाईक, विशेषतः रुग्णाची स्वतःची मुले, मानसोपचारात दुभाषी म्हणून वापरू नयेत, हा नियम म्हणूनच सर्वत्र मान्य होत आहे. रुग्णाची भाषा जाणणारा उपचारक मिळाला तर उत्तमच. तो न मिळाल्यास नात्यात नसलेला, गुप्तता पाळण्याची समज दिलेला दुभाषा असावा. आणि तोही नसेल, तर निदान भेटीचा काही भाग रुग्णाला येणाऱ्या मोडक्या भाषेत, पण एकांतात, व्हावा. वरील स्त्रीला मराठी बोलणारा उपचारक हैदराबादेत न मिळाला, तरी दूरध्वनीवरून मराठीत बोलण्याची सोय आता उपलब्ध आहे. तिचा उल्लेख पुढे येईल.

कुटुंब : आधार आणि अडचण

पाश्चात्त्य देशांत घडलेल्या मानसोपचारात रुग्ण एकटा उपचारकासमोर बसतो. भारतात रुग्णाबरोबर घरची माणसे येतात. ह्या रीतीचा लाभ करून घेण्याचे धाडस अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात केले. रुग्णालयाच्या आवारात तंबू उभारून त्यांनी नातेवाइकांना रुग्णांजवळ राहावयास बोलाविले आणि त्यांना उपचारांत सहभागी करून घेतले. कुटुंबाने टाकून दिलेल्या रुग्णाची कल्पना ज्या काळी रूढ होती, त्या काळी हा प्रयोग फार मोलाचा होता. पुढे १९७३ साली डॉ. जसवंतसिंग नेकी ह्यांनी गुरू आणि चेला ह्यांच्या नात्याचा नमुना मानसोपचारात कितपत उपयोगी पडेल ह्याचा विचार मांडला. भारतीय रुग्ण उपचारकाकडून पुष्कळदा तटस्थ मौनाची अपेक्षा न करता मार्गदर्शनाची अपेक्षा करतो, हे त्यामुळे चर्चेत आले.

परंतु कुटुंब हेच कधी कधी दुःखाचे मूळ असते. म्हणून जाणता उपचारक दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो. तो घरच्यांचे ऐकून घेतो, आणि रुग्णाला एकट्यानेही वेळ देतो. एकांतात सांगितलेले घरच्यांना कळविणार नाही, असे तो प्रथमच स्पष्ट करतो. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या विवाहितेला ‘वेगळे राहा’ एवढाच सल्ला देणारा उपचारक तिची परिस्थिती जाणत नाही. आणि ‘जुळवून घ्या’ एवढाच सल्ला देणाराही ती जाणत नाही.

श्रद्धा आणि तिची मर्यादा

मानसिक दुखण्यामागे करणी, नजर किंवा देवतेचा कोप आहे, असे मानणारी कुटुंबे देशाच्या सर्व भागांत आहेत. त्यांपैकी पुष्कळ जण देवस्थान किंवा दर्गा आणि दवाखाना अशा दोन्ही ठिकाणी जातात. गुजरातेतील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दुवा आणि दवा ह्यांची सांगड घालण्याचा उपक्रम चालविण्यात आला. तेथे भाविकांना दर्ग्याच्या परिसरातच मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला मिळू लागला. रुग्णाच्या श्रद्धेची थट्टा करणारा उपचारक रुग्णाला गमावतो, आणि रुग्ण औषधाला मुकतो.

पण आदर म्हणजे संमती नव्हे. उपचारकाने विज्ञानाशी प्रतारणा करण्याची गरज नाही. नवस फेडावा की नाही हा रुग्णाचा प्रश्न आहे; चालू औषध बंद करणे, उपाशी ठेवणे, मारणे, साखळदंडाने बांधणे ह्या गोष्टी मात्र कोणत्याही संस्कृतीच्या नावाने क्षम्य ठरत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक विकार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधण्यास कोणत्याही प्रकारे मनाई केली आहे.

शोध कसा घ्यावा?

प्रथम नावांतील भेद ध्यानात घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मानसिक चाचण्या आणि संवादाद्वारे उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने कायदेशीर संस्था झाली. ‘समुपदेशक’ हे नाव लावणाऱ्या सर्वांचे शिक्षण सारखे नसते, म्हणून ते विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच मानू नये.

ठिकाणांचा विचार करता, वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आणि जिल्हा रुग्णालये येथे अल्प खर्चात सेवा मिळू शकते. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हाच उद्देश आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर ती विनामूल्य आणि अहोरात्र मिळते, आणि मराठी धरून २० भाषांत बोलण्याची सोय तीत आहे. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या भाषेत पहिले चार शब्द बोलण्यासाठी तिचा उपयोग होतो.

उपचार नेहमी मोठ्या तज्ज्ञाकडूनच व्हावा असेही नाही. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ ह्या संस्थेच्या संशोधकांनी एक चाचणी घेतली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा संवादोपचार दिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर ह्या रुग्णांपैकी ६४ टक्के रोगलक्षणांतून मुक्त झाले होते. ज्यांना केवळ नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. प्रशिक्षण, देखरेख आणि स्थानिक जीवनाची ओळख ह्या तीन गोष्टी येथे एकत्र आल्या होत्या, हे विसरता कामा नये.

पहिल्या भेटीपूर्वी किंवा त्या भेटीत पुढील प्रश्न विचारावेत.

१. आपण कोणकोणत्या भाषांत उपचार करता? भावनेच्या भरात मी माझ्या बोलीत बोललो तर चालेल काय?

२. माझ्यासारख्या परिस्थितीतील लोकांबरोबर आपण पूर्वी काम केले आहे काय?

३. घरच्या माणसांना केव्हा बोलावता? मी सांगितलेले त्यांना कळते काय?

४. माझ्या रूढींविषयी किंवा श्रद्धेविषयी एखादी गोष्ट आपणांस ठाऊक नसेल, तर आपण काय करता?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. ‘मला सगळे ठाऊक आहे’ ह्या उत्तरापेक्षा ‘मी आपणांस विचारीन’ हे उत्तर अधिक आश्वासक समजावे.

पुढील दोन-तीन भेटींत काही खुणा पाहाव्यात. उपचारक रुग्णाचे शब्द वापरतो, की प्रत्येक वेळी आपली परिभाषा लादतो? चुकीचे अनुमान दुरुस्त केल्यास तो रागावतो, की दुरुस्ती मान्य करतो? जात, धर्म, लैंगिक कल किंवा उत्पन्न ह्यांचा उल्लेख निघताच त्याचा सूर बदलतो काय? उत्तरे असमाधानकारक असतील, तर ती गोष्ट प्रथम उपचारकाजवळच बोलावी. पुष्कळदा एवढ्याने मार्ग निघतो. तो न निघाल्यास उपचारक बदलण्यात कृतघ्नता नाही. चालू औषध मात्र नव्या डॉक्टरच्या सल्ल्यावाचून बंद करू नये.

एक अपवाद काटेकोरपणे पाळावा. रुग्णाच्या मनात आत्महत्येचे विचार येत असतील, किंवा त्याला स्थळकाळाचे भान राहिले नसेल, तर मनाजोगता उपचारक शोधीत बसू नये. जवळच्या रुग्णालयात त्वरित न्यावे. निवडीचा विचार धोका टळल्यावर करता येतो.

कायद्याने दिलेला हक्क

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व किंवा सामाजिक व राजकीय मते ह्यांवरून भेदभाव न होता मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. आजाराविषयीची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत व स्वरूपात दिली जावी, आणि ती गुप्त राखली जावी, अशीही त्यात तरतूद आहे. गुप्ततेला कायद्याने सांगितलेले मोजकेच अपवाद आहेत. तेव्हा आपल्या भाषेत समजावून सांगा, अशी विनंती करणारा रुग्ण कोणाची मेहरबानी मागत नसतो.

कायदा हक्क देतो. ऐकून घेण्याची सवय मात्र माणसांनाच लावून घ्यावी लागते. जो उपचारक विचारतो, ऐकतो आणि आपले अनुमान दुरुस्त करतो, तो परप्रांतातला असला तरी रुग्णाच्या जवळचा ठरतो. अशा उपचारकाची पारख करता येणे, हे आरोग्यशिक्षणाचे एक आवश्यक अंग मानले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. नैराश्याचे रुग्ण प्रथम शारीरिक तक्रारी सांगतात, ह्याविषयी १९९९ च्या अभ्यासातून कोणते दोन निष्कर्ष निघतात?

२. रुग्णाच्या मुलाने दुभाष्याचे काम करणे मानसोपचारात अनिष्ट का मानतात?

३. ‘उपचारक आपल्याच समाजातला असावा’ ह्या मताच्या बाजूने आणि विरुद्ध कोणता पुरावा आहे?

४. मनाची अस्वस्थता सांगण्यासाठी आपल्या घरी वा परिसरात कोणते शब्द व वाक्प्रचार योजले जातात, ह्याची एक यादी करा. त्यांपैकी कोणते परप्रांतीय डॉक्टरला समजावून सांगावे लागतील?